एक्क्यांची जोडी आणि ‘चालेल’

“तू मला मुद्दाम जिंकू देतोस का?”

प्रश्न तोंडातून सुटला आणि तोफेचे कान तापले. तोफ म्हणजे आपली दहावीतली नायिका. नाव वर्गानं ठेवलेलं, पण हल्ली हल्लीच ते तिला शोभायला लागलं होतं. जिन्याच्या कठड्यामागे तिच्या दोन मैत्रिणी दबा धरून बसल्या होत्या. पैज त्यांचीच — “हिंमत असेल तर विचार!”

समोरचा मुलगा बुटाची नाडी बांधत होता. मान वर न करता म्हणाला, “नाही.”

“खरं?”

“खरं.”

“मग बांधलेली नाडी परत का सोडलीस?”

तो नुसता हसला... आणि पायऱ्या चढून गेला. झालं! संशय फिटायचा सोडून दुप्पट झाला.

गणिताच्या बाई शनिवारी शाळा सुटली की शक्यता शिकवायला पत्ते मांडायच्या. डावाचं नाव ओमाहा. हातात चार पत्ते, टेबलावर सगळ्यांचे मिळून पाच, तेही टप्प्याटप्प्यानं उघडायचे. हातातले नेमके दोन आणि टेबलावरचे तीन घेऊन जुळणी करायची; ज्याची वरचढ, त्याला मधला ढीग. एका वेळी मधल्या ढिगात असेल तेवढंच लावता येतं, त्याहून जास्त नाही. आणि लावायचं काय, तर बटणं! तोफेच्या बाबांच्या शिलाईच्या दुकानातली, जोडीदार हरवलेली.

या मुलाला सगळे ‘चालेल’ म्हणायचे. तोफेनं कितीही बटणं लावली तरी हा वाढवायचा नाही की पत्ते टाकून डाव सोडायचा नाही. “चालेल,” म्हणून तेवढी बटणं पुढे सरकवायचा आणि बहुतेक वेळा हरायचा. हरून वर हसायचा! पाणी नक्की कुठेतरी मुरत होतं.

“प्रेमात आहे तो,” एक मैत्रीण म्हणाली.

“नाहीतर मठ्ठ आहे,” दुसरी म्हणाली.

तोफेला दोन्ही परवडणारं नव्हतं. याच डावांनी तिची भीड चेपली होती. अकरावीला गणित घेणार, असं घरी ठणकावून सांगायचं तिनं ठरवलं होतं, आणि आईनं तर दुकानाला उपयोगी म्हणून कॉमर्स नक्की करून टाकलं होतं. पण ही जीत कुणी दया म्हणून पदरात टाकलेली असली तर...?

त्या शनिवारी शेवटच्या डावाला दोघंच उरले. तोफेनं पत्ते उचलले — दोन एक्के! बाकीचे दोन नुसते भरतीचे.

तिनं लावता येतील तेवढी सगळी लावली.

“चालेल.”

टेबलावर राजा, सत्ती, छक्की आली. पहिली पाळी त्याची, पण त्यानं काही लावलं नाही. तिनं पुन्हा ढिगाएवढी लावली.

“चालेल.”

मग दुर्री. पुन्हा “चालेल”. तोफ त्याच्याकडे डोळे बारीक करून बघत होती. बोटं स्थिर. पापण्या मात्र सारख्या लवत होत्या... चोर!

शेवटचा पत्ता उघडला. दश्शी.

आणि चालेलनं, कुणी काही लावायच्या आधीच, ढिगाएवढी बटणं मध्ये लोटली.

मैत्रिणी पुढे वाकल्या. तोफेच्या डोक्यात चक्रं फिरायला लागली. हा थापा मारतोय? की हरण्यासाठी सगळं उधळतोय? ‘एक्के आहेत, तूही लाव ना!’ असं मन ओरडत होतं. पण बाईंचं एक वाक्य होतं, “ओमाहात एक्क्यांची जोडी म्हणजे नवी छत्री. मिरवायला झकास, वारा सुटला की उलटी. आणि जो कधीच वाढवत नाही, त्यानं वाढवलं तर ते वादळच समजा.”

तिनं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. पहिल्यांदाच तो हसत नव्हता.

“तुझंच खरं,” ती म्हणाली आणि दोन्ही एक्के उघडे करून टाकून दिले.

बाईंच्या भुवया वर गेल्या. चालेलनं सावकाश अठ्ठी आणि नश्शी दाखवली. छक्की ते दश्शी, पाच पत्त्यांची सलग माळ, एक्क्यांच्या जोडीवर भारी! मघापासून त्याला एकच पत्ता हवा होता, आणि तो आला होता.

जिन्यात तिनं त्याला गाठलं. “म्हणजे आधी हरायचास ते...?”

“खरंच हरायचो. तुझे पत्ते चांगले असायचे, आणि तू ते चांगले खेळायचीस.”

“मग वेळेवर पत्ते का टाकायचा नाहीस, शहाण्या?”

त्यानं कठड्यावरून बोट फिरवलं. “टाकले की तू दुसऱ्याकडे वळतेस. शेवटच्या पत्त्यापर्यंत थांबलं की... तू माझ्याकडेच बघत असतेस. संशयानं का होईना.”

तोफेचे — चक्क तोफेचे! — कान पुन्हा तापले.

“उद्या दुकानात ये,” शेवटी ती म्हणाली. “बटणं निवडायची आहेत.”

“चालेल,” तो म्हणाला, आणि दोघंही खो खो हसले.

घरी बाबा मशीनवर होते, आई काजं करत होती.

“जिंकलीस?” बाबांनी विचारलं.

“हरले. दोन एक्के हातात असून टाकून दिले. आणि तेच बरोबर होतं!” तिनं दप्तर ठेवलं आणि ताठ उभी राहिली. “आई, बाबा, मी अकरावीला गणित घेणार. आणि उद्या बटणं निवडायला एक मुलगा येणार आहे.”

मशीन थांबलं. आईनं सुई वर धरून तिच्याकडे पाहिलं — अगदी तोफेच्याच त्या बारीक, संशयी डोळ्यांनी.