खिशातला स्टेथोस्कोप

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. माझ्या सख्ख्या मामाच्या घरात घडलेलं सांगतोय, पदरचं एक अक्षर नाही.

मामा मूर्तिकार. गावातले लाडके डॉक्टर गेले आणि चौकातल्या त्यांच्या पुतळ्याचं काम त्याच्याकडे आलं.

डॉक्टरांची एक सवय सगळ्यांना पाठ होती. तपासून झाल्यावर त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला, की घरचे सुटकेचा निःश्वास सोडायचे.

खिशात ठेवला, तर कोणी काही विचारायचंच नाही.

मामाने आधी मातीचा नमुना केला. स्टेथोस्कोप अर्थातच गळ्यात. माती वाळू नये म्हणून मामी रोज संध्याकाळी त्यावर ओली फडकी गुंडाळायची.

एका सकाळी मामाने फडकी सोडली...

स्टेथोस्कोप खिशात होता.

"पाणी जास्त झालं, माती घसरली," मामा पुटपुटला. घसरलेली माती नीट घडी होऊन खिशात कशी जाईल, हा विचार त्याने झटकून टाकला. नळी पुन्हा गळ्यात बसवली.

दुसऱ्या सकाळी... पुन्हा खिशात.

"अहो, काल फडकं बांधताना छातीला काहीतरी गार लागलं," मामी म्हणाली. "आणि... 'मोठा श्वास घ्या' असं ऐकू आलं."

"भित्यापाठी ब्रह्मराक्षस!" मामा हसला. "दम लागतोय तुला, दुसरं काय? एवढं काम उरकू दे, मग दाखवू कोणाला तरी."

तिसऱ्या सकाळीही तेच. आता मात्र मामा चिडला. आत तार घालून त्याने स्टेथोस्कोप गळ्यात पक्का केला आणि त्याच दिवशी साचा काढला.

अनावरणाला मामी नव्हती. आठवडाभर आधी झोपेतच गेली. हृदय बंद पडलं.

"अगदी आपले डॉक्टर! गळ्यातला स्टेथोस्कोप बघूनच बरं वाटतं," लोक म्हणत होते. मामा गर्दीतून उठून घरी आला. ढसाढसा रडला.

तेव्हापासून त्याच्याकडे डॉक्टरांची वीतभर मूर्ती आहे. मातीची, कायम ओली. रात्री स्वतः फडकं बांधतो, सकाळी सोडून बघतो. इतकी वर्षं स्टेथोस्कोप गळ्यातच.

काल मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याचा हात दुखत होता, म्हणून फडकं मी बांधलं...

आज सकाळी फोन वाजला.

"उठलास का रे?"

"हो. काय झालं मामा?"

पलीकडून दाराला कुलूप लावल्याचा आवाज आला.

"निघालोय मी तुझ्याकडे. आपण जरा दवाखान्यात जाऊन येऊ. आवरून बस."

त्याची वाट बघत हे लिहून काढलं.

मूर्तीचं मी काही विचारलं नाही.