सतरा नंबरची काच

“कांताबाई, माझी सतरा नंबरची काच खोटं बोलते आहे,” डॉक्टर सरोजबाई म्हणाल्या.

साल १९६३. झरीच्या शाळेत डॉक्टरीणबाई रक्ताच्या आजाराचं संशोधन करत होत्या. बोटाचा थेंब काचेवर घ्यायचा, दोन दिवस बंद ठेवायचा; दोष असला तर गोल पेशी विळ्यासारख्या वाकतात. यवतमाळहून खाजगी तपास करणाऱ्या कांताबाई आल्या, आणि त्यांची पिशवी धरायला नवरा श्रावणराव. माणूस देवभोळा, डोकं जरा सावकाश चालणारं.

“सतरा म्हणजे उकंडा. परवा त्याच्या काचेत विळे होते, आज सगळं गोल! काच कुणीतरी बदलली. आणि संध्याकाळी देवराव निकाल ऐकायला येणार.”

देवरावांची अट साऱ्या गावाला ठाऊक होती. उकंडाचं रक्त साफ निघालं, तरच लेक कौसल्या त्याला द्यायची.

“दोष वारशानं येतो?” कांताबाईंनी विचारलं.

“हो. पण आई-बाप दोघांकडून आला तरच मूल आजारी पडतं.”

काचांच्या खोलीत तिघंच जात: पाणी भरणारा उकंडा, स्वयंपाक करणारी त्याची आई मथुराबाई आणि काचा धुणारी कौसल्या.

मथुराबाई आधी आल्या. श्रावणरावांनी भलतंच विचारलं, “उकंडा हे काय नाव हो?”

“याच्या आधी तीन लेकरं गेली जी. हातपाय सुजायचे, डोये पिवळे व्हायचे. मंग हा झाला. नजर लागू नये म्हणून उकिरड्यावर ठेवला, म्हणून उकंडा.” त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

उकंडा सरळ बोलला. “मी कायले बदलू जी? तिले फसवून लगीन करू काय?”

कौसल्या चहा घेऊन आली. बोटाला चिंधी होती.

“भाजलं का गं?” कांताबाई म्हणाल्या.

“व्हय जी. तव्याचा चटका.”

“तुझं रक्त तपासलं?”

“माह्यं कोन तपासते? मी तं काचा धुते.”

संध्याकाळी सगळे जमले. श्रावणराव कुजबुजले, “मथुराबाईच! आईचं काळीज ते.”

“अहो, तीन लेकरं त्याच आजारानं गेली, म्हणजे दोष आई-बाप दोघांत होता. मथुराबाईंनी थेंब दिला असता तर पुन्हा विळेच दिसले असते. उकंडाचंही तेच. हा थेंब तिसऱ्याचा आहे.” कांताबाई वळल्या. “कौसल्या, स्वयंपाक मथुराबाई करतात. तुला तव्याचा चटका कुठून बसला?”

पोरगी हुंदके देऊ लागली. “मले हाच पाह्यजे जी! म्हणून परवाच सुई टोचून माह्याच बोटाचा थेंब देला.”

देवराव ताडकन उठले. “नाक कापलं पोरीनं! नातवंडं मातीत घालाची हाय काय मले?”

“बसा देवराव. काच खरी आहे, नाव तेवढं खोटं. डॉक्टरीणबाई, पुन्हा पाहा.”

सरोजबाई सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. वर पाहिलं तेव्हा त्या हसत होत्या.

“दोन दिवस झाले, तरी सगळं गोल! कौसल्याचं रक्त साफ आहे. म्हणजे या दोघांच्या लेकरांना हा आजार व्हायचा नाही. उकंडाला मात्र जपावं लागेल.”

“मी जपीन,” कौसल्या म्हणाली.

उकंडा मान खाली घालून रडत होता.

देवराव खाली बसले. मग आपला चहाचा कप त्यांनी मथुराबाईंपुढे सरकवला.

“घ्या, विहीनबाई.”