धरून ठेवलेली जागा

विश्वास कुणावर ठेवावा, तुम्हीच सांगा. कुणीतरी छापून भिंतीवर डकवलेल्या वेळापत्रकावर, की आपल्या हातातल्या स्टिअरिंगवर? बसा, दिवा थोडा अलीकडे घ्या. प्रश्न चहा पिता पिता सुटेल असा वाटतो. आमच्या कवळीवाल्यालाही तसंच वाटलं होतं.

कवळीवाला म्हणजे कवळ्या बनवणारा. दातांचे डॉक्टर लोकांच्या हिरड्यांचे साचे पाठवत आणि हा माणूस त्यात प्लास्टर ओतून, गुलाबी मेणात एकेक दात बसवून अशी कवळी करून द्यायचा, की म्हाताऱ्या माणसाने ती घालून सफरचंद चावावं. बोटांना कायम पांढरी धूळ, कपड्यांना लॅबचा उग्र वास. माणूस सरळ. खोड एकच, 'हो' आणि 'नाही' यांच्या मधल्या पायरीवर त्याचा मुक्काम फार. दोन शर्ट दाखवले तर दोन्हींवर हात ठेवून उभा राहील.

माझं दुकान आहे, अशी गिऱ्हाइकं मला नवी नाहीत. 'हा माल बाजूला ठेवा, येतोच,' म्हणतात आणि जातात. एकाने असाच एक टेबललॅम्प बाजूला ठेवायला लावला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला, 'माझा दिवा द्या' म्हणाला, घेऊन गेला. संध्याकाळी परत तोच दारात. म्हणाला, दिवा न्यायला आलोय. अहो, सकाळीच नेलात की, म्हटलं. तो माझ्याकडे बघतच राहिला. तेव्हापासून मी कुणासाठी काही बाजूला ठेवत नाही.

तर झालं असं, की कवळीवाल्याच्या मालकाने इथली लॅब बंद करून सगळं सामान शहरात हलवलं. कवळीवाल्याला घर हलवणं शक्य नव्हतं. बायकोची नोकरी इथली, लेकीची शाळा इथली. म्हणजे रोज जाऊन येणं आलं. सुरुवातीला त्याने आगगाडी धरली. पहाटे अंधारात निघायचं, संध्याकाळी परत. लांबचा पल्ला, पण डब्यात रोजची चार माणसं भेटली. त्यांच्यात एक विणकाम करणाऱ्या मावशी होत्या, सगळ्यांची वडीलधारी. त्या पहिल्या स्टेशनावर चढत आणि रोजच्यांच्या जागा धरून ठेवत. खिडकीजवळची कवळीवाल्याची. त्यावर विणकामाची पिशवी ठेवायच्या आणि तो आला की उचलायच्या.

मावशींचा एक नियम होता. ज्याला उद्या यायचं नाही, त्याने आदल्या संध्याकाळी स्वतःच्या तोंडाने सांगायचं, 'मावशी, जागा सोडा.' न सांगता कुणी गैरहजर राहिला तर त्याला आठवडाभर टोमणे.

"एवढं काय त्यात मावशी?" एकदा कुणीतरी हसून म्हणालं.

"धरलेली जागा रिकामी नेऊ नये रे," मावशी टाका न चुकवता म्हणाल्या.

घरी सगळी ओढ ठकूची. ठकू म्हणजे लेक, नुकती शाळेत जायला लागलेली. तिचा समोरचा दात हलायला लागला होता. कवळीवाल्याने आयुष्यभर परक्यांचे दात बसवले, पण हा पहिला दात मात्र आपल्या हाताने काढायचा, असं त्याने तिला कबूल केलं होतं. ती रोज संध्याकाळी तोंड उघडून दिव्याखाली उभी राहायची. तो बोटाने दात हलवून बघायचा आणि म्हणायचा, "अजून नाही. पिकू दे." ठकू लवकर झोपायची. ती झोपायच्या आत घर गाठायचं, यासाठी त्याचा सगळा आटापिटा.

आणि नेमकी तेव्हाच गाडी रखडायला लागली. कधी सिग्नल, कधी धुकं. सलग काही दिवस तो घरी पोचला तेव्हा ठकू झोपलेली.

मेहुण्याला आयती संधी मिळाली. त्याच्याकडे एक जुनी मोटार पडून होती.

"भाऊजी, गाडी तुमची, वेळ तुमची. कुणाच्या शिट्टीची वाट बघायची नाही."

"पेट्रोल?"

"लेकीपेक्षा पेट्रोल जड झालं का तुम्हाला?"

त्याने मोटार घेतली. पण स्वभाव कुठे जातो? आगगाडीही पुरती सोडवेना. रस्ता कसा निघतो कुणास ठाऊक. शेवटच्या संध्याकाळी उतरायची वेळ झाली तेव्हा मावशींनी पिशवी आवरता आवरता विचारलं, "मग सोडू ना जागा?"

तो दारात थबकला. "नको... राहू दे. धरून ठेवा. मी येतोच आहे असं समजा."

"नक्की?"

"नक्की." आणि आठवण राहावी म्हणून गळ्यातला राखाडी मफलर त्याने खिडकीच्या हुकाला अडकवला.

मावशी त्या मफलरकडे जरा वेळ बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या. "तुमचा शब्द."

पहिल्या सकाळी मोटारीत त्याला राजा झाल्यासारखं वाटलं. काचेबाहेर दाट धुकं, आत हीटरची ऊब. शहराच्या अलीकडे रस्ता रुळांना आडवा जातो, तिथलं फाटक बंद होतं. तो थांबला. इंजिन घरघरत होतं. मग धुक्यातून त्याचीच गाडी आली, रोजची. पिवळ्या खिडक्या एकामागून एक सरकत होत्या. त्याने सवयीने आपला डबा शोधला. मावशी दिसल्या, मान खाली, सुया हलताहेत. त्यांच्या समोर, खिडकीशी, कुणीतरी काचेला डोकं टेकून झोपलं होतं. गळ्यात राखाडी मफलर.

बसला असेल कुणी, त्याने मनाशी म्हटलं. रिकामी जागा दिसली, मफलर दिसला, थंडी होती. एवढंच.

पण फाटक उघडल्यावर मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून डोकं उठवलं, तरी त्याचा पाय क्लचवरून उचलेना. तो झोपलेला माणूस डोकं डावीकडे कलवून झोपला होता. मान आखडली म्हणजे कवळीवाला तसाच झोपायचा.

रस्त्याने त्याला फसवलंच. संध्याकाळी सगळं शहर एकाच पुलावर चढायचं. ट्रकच्या मागच्या लाल दिव्यांकडे बघत तो बसून राहायचा, दात खात. घरी पोचायचा तेव्हा ठकूच्या खोलीतला दिवा मालवलेला. चिडून जेवायचा, चिडून झोपायचा. बायको कधी कधी त्याच्याकडे अशी बघायची, जणू मघाशी बाहेर गेला तो माणूस वेगळा होता आणि आता आत आला तो वेगळा.

मग एका संध्याकाळी तो दार उघडून आत आला आणि खुंटीवर त्याला त्याचा मफलर दिसला. त्याने हात लावला. लोकर ओलसर होती, धुक्यात भिजल्यासारखी. कोळशाचा आणि लोखंडाचा वास, स्टेशनाचा.

"हा कुणी आणला?"

बायको ओट्याशी उभी होती. "असं काय करता? तुम्हीच घालून आलात की."

"कधी?"

"मघाशी." तिने हात पुसले. "चहा घेतलात. ठकूचा दात काढलात."

तो खोलीत गेला. ठकू झोपली होती, तोंड किंचित उघडं. समोर काळी फट. उशाशी कापसात गुंडाळलेला तांदळाएवढा दात. रक्ताचा थेंब नाही, ओरखडा नाही. इतक्या सफाईने दात काढणारा हात त्याला एकच माहीत होता. त्याने स्वतःच्या हाताकडे पाहिलं. हाताला पुलावरच्या धुराचा वास येत होता.

स्वयंपाकघरात येऊन तो हळूच खुर्चीवर बसला.

"रोज काय होतं, मला सगळं सांग."

"तुम्हाला माहीत नाही होय?" ती कुजबुजली. ठकू उठेल म्हणून, की आणखी कशाने, कोण जाणे. "तुम्ही वेळेवर येता. हसत येता. तिला गोष्ट सांगता, झोपवता. मग म्हणता, 'गाडी नीट लावून येतो,' आणि खाली जाता. बऱ्याच वेळाने वर येता... तेव्हा चिडलेले असता."

"आणि तू मला विचारलं नाहीस?"

ती खाली बघत म्हणाली, "वाटलं, एवढं चाललंय ते चालू दे. आधी येता तेव्हा बरे असता."

त्याच्या धंद्यातली एक साधी गोष्ट आहे. एक दात पडला आणि जागा तशीच सोडली, तर शेजारचे दात त्या जागेकडे कलायला लागतात. महिनोन् महिने, दिसणार नाही अशा चालीने. ही गोष्ट त्याने कितीतरी गिऱ्हाइकांना समजावून सांगितली होती. त्या संध्याकाळी त्याची बायको ओट्याशी उभी होती, आणि तिचं अंग दाराकडे कललेलं होतं.

पहाटे मोटार खालीच ठेवून तो पायी स्टेशनावर गेला. जागा सोडायची, विषय संपवायचा. गाडी धुक्यातून आली. डब्यात तीच माणसं, तोच कोंदट उबदार वास. खिडकीजवळच्या जागेवर मावशींची पिशवी.

"मावशी, मी."

मावशींनी मान वर केली. चेहऱ्यावर परक्या माणसाला दाखवतात ती अदब. "ही जागा धरलेली आहे हो. आमचे कवळीवाले येतात इथे."

"अहो, मीच कवळीवाला."

पलीकडचा एक जण हसला. मावशी हसल्या नाहीत. "ते खाली चहा आणायला गेलेत. आमच्या सगळ्यांसाठी आणतात."

"मावशी, ऐका. जागा सोडा. मी येणार नाही यापुढे. मी सांगतोय ना, स्वतःच्या तोंडाने."

"ज्याची जागा, त्यानेच सोडायची असते." सुया चालूच होत्या. "तुम्ही रोज येत नाही. ते येतात."

गाडीने धक्का दिला. तो धडपडत दाराकडे गेला आणि फलाटावर उतरला. त्याच क्षणी पुढच्या दारातून कुणीतरी आत चढत होतं, दोन्ही हातांत चहाचे कप अलगद सावरत. पाठ तेवढी दिसली. उजवा खांदा जरा उतरलेला, मेणावर वाकून काम करणाऱ्यांचा उतरतो तसा.

तो कामावर गेला नाही. घरी गेला आणि दिवसभर घरातच बसून राहिला. आता मी आधीच आत आहे, मला कोण बाहेर काढणार, हा त्याचा हिशोब. ठकू शाळेतून आली, त्याच्या मांडीवर बसली. सगळं छान होतं, पण ती मधूनमधून त्याचा चेहरा न्याहाळत होती.

"काय गं?"

"काही नाही. तुमच्या अंगाला आज प्लास्टरचा वास नाही येत."

बायको नोकरीवरून परतली, त्याला घरात बघून दचकली, मग कामाला लागली. बाहेर काळोख पडला. दूर गाडीची शिट्टी झाली. थोड्या वेळाने जिन्यात पावलं वाजली, सावकाश, ओळखीची. बेल वाजली.

त्याने बायकोचा हात धरला. "उघडू नकोस."

"मी आहे गं," बाहेरून आवाज आला. दमलेला, पण हसरा. त्याचाच आवाज. फक्त असा आवाज त्याने कितीतरी दिवसांत स्वतः ऐकला नव्हता.

"बाबा आले," ठकू म्हणाली, आणि त्याच्या मांडीवरून उतरली.

बायकोने दाराकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. तिचे डोळे भरले होते, पण हात तिने सोडवून घेतला, अगदी हळू, झोपलेल्या माणसाच्या हातातून पांघरूण काढतात तसा.

"अहो," ती म्हणाली, "तुम्ही... गाडी नीट लावून या ना."

तो उठला. भांडला नाही. स्वयंपाकघरातून मागच्या जिन्याचं दार उघडतं, तिथून उतरला. वरून कडी निघाल्याचा आवाज आला, मग ठकूचं हसू, मग दार लागलं.

खाली मोटार होती. सकाळपासून तो तिच्याकडे फिरकलाही नव्हता. एवढी तरी आपली आहे, असं म्हणत त्याने बॉनेटवर हात टेकला आणि झटकन मागे घेतला. बॉनेट तापलेलं होतं. इंजिन नुकतंच बंद केलेलं, आत कुठेतरी पत्रा टिकटिक करत निवत होता. चाकांना पुलावरचा ओला चिखल. काचा आतून धुरकटलेल्या.

मग आतून कुणीतरी तळहाताने काच पुसली. गोलाकार, चिडून. त्या गोलातून एक चेहरा वर बघायला लागला, ठकूच्या खोलीच्या खिडकीकडे. दिवा मालवला, की वर जायचं होतं त्याला.

काचेपलीकडच्या त्या डोळ्यांनी मोटारीशी उभ्या असलेल्या माणसाकडे एकदाही पाहिलं नाही.

त्यापुढचं मला माहीत नाही. त्या घरात रोज संध्याकाळी दिवे लागतात, हसणं ऐकू येतं, सगळं व्यवस्थित चालतं. विचारलं तर बायको म्हणते, आम्ही तिघं. तुम्हाला मात्र एक विनंती आहे. आज घरी गेलात की आत कोण आलं, बाहेर कोण गेलं, याचा हिशेब खरा ठेवा. आणि आकडा जुळला नाही, तर केवळ जुळावा म्हणून कुणाला खोडू नका.