पेडलवरचा माणूस

गेल्या वर्षी फेब्रुवारीच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेदहाच्या सुमारास, गोदामांच्या रस्त्यावरील अखेरच्या गॅरेजात मी एक अठ्ठेचाळीस वर्षे जुनी डोंगरी जीपगाडी दुरुस्तीस सोपवली. तीस वर्षे मी सरकारी निविदा तपासण्याचे काम केले असल्यामुळे वेळ आणि जागा नोंदवून ठेवण्याची मला सवय आहे. पुढील हकिगतीत एवढीच विधाने मी निःशंकपणे करू शकतो.

गाडी माझ्या मुलीसाठी होती. ती भूगर्भशास्त्रज्ञ आहे. खाणींच्या पाहणीसाठी त्याच आठवड्याच्या शनिवारी तिला वर डोंगरात रुजू व्हायचे होते आणि तिथून उतरणारा अकरा किलोमीटरचा रस्ता तिला रोज एकटीने कापायचा होता. गाडीची चारही चाके जुन्या ड्रम ब्रेकवर थांबत. मागचा अ‍ॅक्सल वळणावर कुरकुरे. माझ्यापाशी पंचाण्णव हजार होते. त्यात पुढे डिस्क ब्रेक आणि मागे नवे अ‍ॅक्सल शाफ्ट, दोन्ही बसवायचे होते. कारण यांपैकी एकच निवडायचे, तर मुलगी थांबू शकेल की वळू शकेल, असा प्रश्न उरत होता.

मिस्त्री पन्नाशीचा, अबोल, एकटा काम करणारा माणूस होता. मंगळवारी त्याने अंदाजपत्रक हातात दिले. डिस्कचा संच शेहेचाळीस हजार, शाफ्ट, बेअरिंग आणि सील मिळून साडेअडतीस, मजुरी नऊ. त्याखाली एक ओळ होती : ‘वजा, तुमच्या माणसाची मजुरी, सातशे.’

वाढवलेली रक्कम मला कधीच खटकत नाही. तिच्यामागचा हेतू उघड असतो. मागितल्यावाचून कमी केलेल्या रकमेवर मात्र मी बोट ठेवतो.

“हे सातशे कसले?”

“पेडलवर तुमचा माणूस होता ना, साहेब. त्याची मजुरी मी कशी लावणार?”

“माझा कोणता माणूस?”

मिस्त्रीने हात पुसत समजावून सांगितले. ब्रेकच्या नळीतली हवा काढण्यास दोघे लागतात. एकाने वर बसून पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने गाडीखाली पडून चाकामागचा बोल्ट सैल करायचा. हवा निघाली की बोल्ट आवळायचा आणि मगच वरच्याने पाय उचलायचा. काल मी निघून गेल्यावर ब्रेकचा जीव पाहण्यासाठी तो खाली शिरला होता.

“मी म्हटलं, ‘दाब.’ त्यानं दाबलं. मला वाटलं, तुम्ही कोणाला मागे ठेवून गेलात.”

“तुम्ही त्याला पाहिलंत?”

“खालून वरचा माणूस दिसतो होय? काम जाणणारा होता एवढं खरं. नवख्याचा पाय थरथरतो. याचा नाही.”

“नळीतलं तेल आपोआप गळलं असेल. वरचं खाली येतंच.”

“आपोआप गळणारं तेल आणि दाबानं येणारं तेल यातला फरक मला कळत नसेल,” तो शांतपणे म्हणाला, “तर उद्याच पाटी उतरवतो. आणि तो बोलला की. ‘धरलंय’ म्हणाला.”

हा डाव असावा, असे माझे मत झाले. आज सातशे सोडायचे, विश्वास कमवायचा आणि अखेरच्या बिलात ते सव्याज वसूल करायचे. संध्याकाळी मुलीला मी हे फोनवर सविस्तर सांगितले.

“बाबा,” ती म्हणाली, “बिल कमी आलं म्हणून भांडणारे जगात तुम्ही एकटेच असाल.”

“ब्रेकचं काम करणारा माणूस खोटं बोलतोय, हे तुला किरकोळ वाटतं?”

“मग स्वतः बसा ना पेडलवर. सातशे तुमचे, समाधानही तुमचं.”

तिने थट्टा केली होती. मी ती सूचना म्हणून स्वीकारली.

शुक्रवारी दुपारी तीन वाजता मी गॅरेजात पोचलो. दारातून स्वच्छ ऊन आत येत होते. फरशीवर रॉकेलचा ओला वास होता. गाडी चार लोखंडी घोड्यांच्या टेकूवर उचललेली होती, चाके भिंतीला टेकवलेली. नवे शाफ्ट बसले होते. मी क्रमांक ताडून पाहिले, ते बरोबर होते. डिस्क चकचकीत होत्या. मिस्त्रीच्या कामात मला एकही दोष सापडला नाही आणि त्यामुळे माझा संशय अधिकच पक्का झाला.

मी चालकाच्या आसनावर बसलो. मिस्त्री खाली सरकला.

“दाबा, साहेब.”

मी दाबले.

“धरा.”

“धरलंय.”

“सोडा.”

मागची दोन्ही चाके अशी झाली. मग पुढचे डावे. माझी पोटरी भरून आली. पाय थरथरू लागला होता, हे मी प्रामाणिकपणे नमूद करतो. मिस्त्री उजव्या चाकापाशी सरकला. काम रंगात आले होते आणि अशा वेळी ‘अहो-जाहो’ गळून पडते.

“दाब,” तो म्हणाला.

मी पाय उचलला. पेडल त्याआधीच खाली गेले होते.

सावकाश, एकाच दाबाने, तळापर्यंत. माझा बूट त्याच्यावर चार बोटे अधांतरी होता.

मी दोन्ही पाय बाहेर काढले आणि गाडीतून उतरलो. उघड्या दारातून पेडलकडे पाहत उभा राहिलो. ते खालीच होते.

“धर.”

मला काहीही ऐकू आले नाही. गाडीखालून मिस्त्री मात्र म्हणाला, “शाब्बास.”

नळीतून तेलाची फुरफुर झाली. बोल्ट आवळल्याचा आवाज आला.

“सोडा आता, साहेब.”

पेडल हलले नाही.

“साहेब, सोडा म्हणतोय.”

माझे बूट त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होते. ते त्याला केव्हा दिसले, हे मला नेमके कळले. कारण खालची पान्ह्याची खुडबुड थांबली. पान्हा फरशीवर अगदी हळू ठेवला गेला.



मग मिस्त्रीने, निजलेल्या माणसाशी बोलावे तशा आवाजात, एकच शब्द उच्चारला.

“सोड.”

पेडल वर आले.

त्याने अखेरचे बिल उभ्या-उभ्याच लिहिले. सातशे वजा केलेले होते. मी कारण विचारले नाही.

शनिवारी सकाळी मुलगी घरापुढे उभी होती, सामान गाडीत टाकून. मी म्हणालो, “ही नको नेऊस. भाड्याची बघू.”

“कारण?”

आयुष्यभर मी लोकांकडून कारणे लेखी मागितली. कागदावर उतरेल असे एकही मला सुचेना. “आधी आपल्या उतारावर एक फेरी मार,” एवढेच म्हणालो.

आमच्या रस्त्याचा उतार चांगला अवघड आहे. ती वर जाऊन वळली आणि वेगाने खाली येऊ लागली. मी तळाशी उभा होतो. अर्ध्यावर एका फाटकातून एक सायकलवाला मागेपुढे न पाहता आडवा घुसला.

गाडी जागच्या जागी थांबली. सायकलवाला शिव्या देत निघून गेला. रस्ता मोकळा झाला तरी गाडी तिथेच होती. इंजिन जोर लावत होते, मागचा भाग धडधडत होता, चाके मात्र फिरत नव्हती. काचेआड मुलीचे ओठ हलताना दिसले. मग गाडी सुटली आणि माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

तिने इंजिन बंद केले. दोन्ही पाय आसनावर वर घेतले होते.

“कसे आहेत ब्रेक?” मी विचारले.

“उत्तम आहेत, बाबा,” ती म्हणाली. “माझा पाय पोचायच्या आत लागतात.”