सात राणीघरं

रविवारी सकाळी आत्याच्या परसातल्या मधपेटीतून निम्म्या माश्या उठल्या आणि पेरूच्या फांदीला घड करून लटकल्या. घड फांदीला, आणि शाळेत गणित शिकवणाऱ्या भाचीचा जीव टांगणीला. मधपाळाला फोन करताना आवाज घाबरल्यासारखा काढायचा, असं तिने आधीच ठरवलं होतं. प्रत्यक्षात तो आपोआपच तसा निघाला.

आत्या भाजी निवडत म्हणाली, "या उडाल्या, तर उरलेली पेटीही त्याला देऊन टाक. सुया घेऊन हिंडणारे पाहुणे मला नकोत."

पेटी गेली की मधपाळाचं येणंही गेलं. आत्याला हे कळत नव्हतं... निदान चेहऱ्यावरून तरी तसं दिसत नव्हतं.

तो आला, वर पाहिलं. "काही माश्या नवी जागा शोधायला गेल्या असतील. जागा मिळाली की अख्खा घड निघाला. मग आपण नुसते हात हलवायचे."

तोंडावर घ्यायची जाळी एकच होती. ती त्याने तिच्या डोक्यावर चढवली, कानामागची बट अलगद आत सारली.

"आणि तुम्ही?"

"मला ओळखतात."

"महिन्या-दीड महिन्यात मरतात ना त्या? ओळखणार कशा?"

"घरच्यांनी सांगून ठेवलं असेल."

तो स्टुलावर चढला. तिने फांदीखाली टोपली धरली.

"टोपली थरथरतेय."

"वारा आहे."

"पान हलत नाहीये."

त्याने फांदीला हिसका दिला. घड धप्पकन टोपलीत पडला, झोपलेल्या मांजराएवढा जड. खाली अंथरलेल्या चादरीवर टोपली उपडी घातली, एका कडेला दगड लावून फट ठेवली. पण माश्या एकेक करून पुन्हा फांदीकडे निघाल्या.

"राणी वरच राहिली," तो म्हणाला. "आता आणखी एकदाच जमेल, फार तर. मग उडतील."

तिने टोपली पुन्हा फांदीखाली धरली.

पुन्हा हिसका... पुन्हा टोपली. दोघं उकिडवी बसून फटीकडे बघत राहिली. पाच मिनिटं. सहा. मग कडेवर दोन माश्यांनी शेपट्या वर केल्या आणि पंखांनी वारा घालायला सुरुवात केली. मग दहांनी.

"राणी आत आहे. बाकीच्यांना बोलावताहेत."

तिला एकदम रडू यायला लागलं, म्हणून ती बोलली.

"सात होती."

"काय?"

"राणीघरं. नव्या राण्यांची. आठ दिवसांपूर्वी तुम्ही फोनवर मोजायला सांगितलीत... मी म्हटलं, एकही नाही. आहेत म्हटलं असतं, तर तुम्ही फोनवरच मोडायला सांगितलं असतं. ती मोडली की नवी राणी नाही, माश्यांचं घर फुटणं नाही. तुम्ही आलाच नसता."



"पेटीत एवढी गर्दी असताना एकही नसणं शक्य नव्हतं," तो म्हणाला. "मला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो... तर मोडायला सांगावं लागलं असतं."

जाळीमागे ती लाल झाली. जाळी काढायचा विचार तिने पुढे ढकलला.

"टोपली अंधार पडेपर्यंत हलवता येत नाही," तो म्हणाला. "बाहेरच्या परतेपर्यंत कुणाला तरी राखणीला बसावं लागतं."

"एकट्याने होतं?"

"होतं. पण मी तसं कुणाला सांगत नाही."

तो परसदाराच्या पायरीवर टेकला; ती त्याच्या शेजारी बसली, मध्ये एका माशीपुरती जागा ठेवून.