अ‍ॅम्प्लिफायरमधली ती

मी वरचा लाकडी डबा धरला आणि त्यानं खालचा पत्रा. कबाड्याच्या दुकानात, खापा गावच्या कुण्या मंडपवाल्यानं विकलेल्या जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवरून आमची अशी भेट झाली.

"ओ मॅडम, सोडा ना! मले यातले व्हॉल्व्ह पाहिजे."

"अन् मले डबा पाहिजे. कुंड्या ठेवायले."

"कुंड्या?" तो असा दचकला, की मला हसूच आलं.

शेवटी डबा माझा, आतलं सगळं त्याचं, असं ठरलं. पण आधी तो चालू करून बघायचा, हा हट्ट त्याचाच. त्यासाठी प्रताप नगरातल्या त्याच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात जावं लागलं. काम एका दुपारचं… मी मात्र रोज जायला लागले. त्याचं नाव अश्विन.

व्हॉल्व्ह म्हणजे काचेच्या बोटभर नळ्या. त्यांच्यावरचे नंबर पुसट झाले होते. अश्विन नळी ओठांजवळ नेऊन हळूच 'हाऽ' करायचा. थंडीचे दिवस, काच धुरकट व्हायची आणि त्यात आकडे उमटायचे… क्षणभरच. मग तो तक्त्यात जोडीचा नंबर शोधायचा.

"हा पाह्य, १२ एएक्स ७. यालेच युरोपात ईसीसी ८३ म्हणते. व्हॉल्व्ह एकच."

"म्हणजे एक माहेरचं नाव, एक सासरचं!"

"तुले सासरची लई घाई आहे वं, मिनल?"

मी लाजले-बिजले नाही. पण कान गरम झाले, हे खरं.

शेवटच्या नळीवर मी 'हाऽ' केलं. आकडा उमटलाच नाही. माझी वाफ विरली, तरी काच धुरकट राहिली. मी बोट फिरवलं, पुसलं जाईना. धुकं आतल्या बाजूला होतं.

"आत तर हवाच नसते," अश्विन पुटपुटला. "हवा शिरली, तर वरचा चांदीसारखा डाग पांढरा पडते. हा तर चकचकीत आहे…"

आतली रचना दुसऱ्या नळीशी ताडून त्यानं तिलाही १२ एएक्स ७ ठरवलं आणि खोबणीत बसवून, दुकानातला जुना कर्णा जोडून बटण दाबलं. माइक जोडलेला नव्हता. कर्ण्यातून खरखर आली आणि मग बाईचा मऊ आवाज— "अश्विन…"

माझ्या अंगावर काटा आला. त्याच्या चेहऱ्यावर मात्र हसू होतं!

त्या दिवसापासून तो बदलला. मी गेले की "बस" म्हणायचा आणि कान कर्ण्याला लावायचा. दाढी वाढली, बोलणं आटलं. मला तो आवडायला लागला होता, अगदी मनापासून, आणि एक अंग नसलेली बाई त्याला माझ्या डोळ्यांदेखत घेऊन चालली होती. असली सवत कुणाच्या नशिबी येऊ नये.

एका दुपारी तो समोरच्या टपरीवर चहा आणायला गेला. नळीत तांबूस उजेड होता. मी वाकून तिच्या अगदी जवळ रागानं कुजबुजले, "सोड त्याले. माझं प्रेम आहे त्याच्यावर… समजलं काय वं?"

आणि कर्णा गरजला! माझा शब्द न् शब्द गल्लीभर. समोरच्या गॅलरीतल्या काकू कपडे वाळत घालायचं विसरल्या. अश्विनच्या हातातला चहा हिंदकळला.

तो धावत आला. मी तोंड लपवायला जागा शोधत होते.

"जुना व्हॉल्व्ह आहे," तो धापा टाकत म्हणाला. "आतली जाळी ढिली झाली की तोच माइक बनते. जवळ बोललेलं सगळं…" तो मध्येच थांबला.

"जवळ बोललेलं? म्हणजे… ती आतून नाही बोलत?"

म्हणजे ती रोज इथंच होती. याच टेबलाशी, माझ्या खुर्चीला खेटून, मी वाकले तशीच वाकून.

मी त्याचा हात गच्च धरला. कर्ण्यातून श्वास ऐकू आला. "अश्विन…"

या वेळी तो हसला नाही. माझा हात न सोडता रिकाम्या जागेकडे बघत म्हणाला, "बाई, माफ करा. मले एवढ्या मायेनं कोणी बोलावलंच नव्हतं, म्हणून ऐकत बसलो. पण ही रोज येऊन राहिली होती… अन् मी बयताड, पाहूनच नाही राहिलो. मी हिचा आहे."

त्यानं तापलेली नळी तशीच उपटली. बोटांना चटका बसला. कर्णा गप्प झाला.

तेवढ्यात माझ्या खांद्यावर कुणीतरी गार हात ठेवला… हलकेच थोपटलं, आणि काढून घेतला.

मी अश्विनला सांगितलं नाही. तो तेव्हा, इतक्या दिवसांनी, माझ्याकडे बघत होता.