देवोबाची जागा

"हटा तिथून! धुतलेल्या बाटल्यांले हात लावला त तंगड्या तोडीन एकेकाच्या!"

रंगराव ओरडले आणि तिन्ही मुलं फाटकाबाहेर पळाली.

रंगराव म्हणजे सोनाळ्याच्या संत्र्याच्या रसाच्या कारखान्याचे व्यवस्थापक. दिवाळीची सुट्टी लागल्यापासून त्यांचं डोकं गरमच होतं. आज नागपूरहून बाटल्या भरणारी मोटार यायची होती! यंत्रच चाकांवर बसलेलं. ते गावोगाव फिरायचं. गावभरच्या संत्र्यांचा रस गाळून टाकीत तयार होता. आज भरला नाही, तर उद्या आंबणार.

"आमाले काय हौस हाय त्यायच्या बाटल्यांची!" अन्नपूर्णा फणफणली.

"माह्या अब्बांवरही असेच खेकसते," गुलनार म्हणाली. तिचे वडील, कादरचाचा, सकाळपासून गरम पाण्यात बाटल्या खंगाळत होते. "अन् मोटार आली का तिच्याखाली घुसून टेकूही अब्बांनीच लावायचे. मोटार सपाट उभी नसली त बाटल्या कमी-जास्त भरते म्हणे."

कडूबाचं लक्षच नव्हतं. तो लिंबाच्या झाडाखाली बघत होता.

"अन्ने, देवोबा तिथं काऊन वं?"

देवोबा म्हणजे शेंदूर फासलेला धोंडा. तो कायमचा कारखान्याच्या अंगणाच्या मधोमध बसलेला. बैलगाड्यासुद्धा त्याला वळसा घालून जायच्या!

"रंगरावकाकानं परवा उपटला," अन्नपूर्णा म्हणाली. "मुरूम टाकून जागा सपाट केली मोटारीसाठी. म्हणे, देव काय, कुठंबी बसते!"

रंगराव आत वळताच तिघं हळूच त्या जागेपाशी गेली. मुरमातून मुंग्यांची रांग वर येत होती. प्रत्येकीच्या तोंडात काळा दाणा! गुलनारनं एक चिमटीत धरला.

"ज्वारी! इथं त रस काढते. ज्वारी कुठून आली?"

कडूबानं टाच आपटली. आजोबांच्या कीर्तनात मृदंगावर तोच बसायचा. बाजूला आवाज आला ठक्क. देवोबाच्या जागी मात्र धुम्म!

"मृदंगाच्या कणीक लावलेल्या डाव्या पुडीवानी वाजते! खाली पोकळ हाय!"

शेजारची म्हातारी तानाबाई सुपात तांदूळ पाखडत होती. तिनं ऐकलं आणि सूप खालीच ठेवलं.

"पेव हाय तिथं, पोट्टेहो! ज्वारी साठवाचा खड्डा, दोन पुरुष खोल. तोंडावर फळ्या अन् माती. कोणी गाडी घालू नये म्हणून त तिथं देव बसवला. हलवला कोणत्या मुडद्यानं?"

मुलं धावत रंगरावांकडे गेली.

"पेव म्हणे!" रंगरावांनी काठीच उचलली. "नागपूरच्या माणसापुढं गावाची अब्रू काढता? चला, निघा!"

"पण काका, अब्बा मोटारीखाली—"

"निघा!"

तेवढ्यात वेशीवर भोंगा वाजला. मोटार आली! कादरचाचा लाकडी ठोकळे घेऊन अंगणाकडे निघाले.

"अब्बा, नोका जाऊ!"

"काम करू दे, बेटा. नोकरी जाईन."

गुलनार दोघांकडे धावली. मोटार खचली, की अब्बा तिच्याखाली!

"रस्ता अडवू," कडूबा म्हणाला. "माहा मृदंग आणतो. अन्ने, तू झांजा घे!"

मोटार फाटकाशी येते तोच तिघं आडवी मांडी घालून बसली. "विठ्ठल! विठ्ठल!" मृदंग घुमला, झांजा खणखणल्या. गुलनार टाळ्या पिटू लागली. मोटार करकचून थांबली.

"उठा बे!" रंगराव काठी घेऊन धावले.

पण चालक भगवानराव चपला काढून खाली उतरले. "साहेब, चालत्या भजनावर मी गाडी घालत नसतो. होऊ द्या त्यांचं." आणि तेही टाळ्या वाजवू लागले.

"हे संपणारच नाही, तुम्ही पोट्ट्यायले वळखत नाही!"

आणि कडूबानं सूर तसाच ठेवून ठेक्यावर म्हटलं, "विठ्ठल विठ्ठल, खाली पेव हाय! विठ्ठल विठ्ठल, देव हलवला! विठ्ठल विठ्ठल, गाडी खचन!"

भगवानरावांची टाळी थांबली. "पेव? कुठं?"

"काही नाही हो!" रंगराव तरातरा देवोबाच्या जागी गेले. "हे पाहा, नाचून दाखवतो!"

त्यांनी एक उडी मारली. धुम्म! दुसरी मारली—

कडाड!

रंगराव कमरेपर्यंत जमिनीत! काठी आडवी अडकली म्हणून तेवढ्यावर राहिले.

"वाचवा! अरे, वाचवा!"

कादरचाचांनी ठोकळे टाकले, पोटावर पालथे पडले आणि त्यांचे दोन्ही हात धरले. भगवानरावांनी कादरचाचांचे पाय धरले. ओढून रंगराव बाहेर निघाले, तेव्हा त्यांचं धोतर लाल मुरमात रंगलं होतं.

भगवानरावांनी दोरीला कंदील बांधून आत सोडला. तो विझला.

"हवाही नासकी," ते हळूच म्हणाले. "आणि हा माणूस माझ्या गाडीखाली..." गुलनारनं अब्बांचा हात गच्च धरला होता.

मोटार रस्त्यालगतच्या कातळावर उभी राहिली. तिथवर टाकीची नळी पुरेना, म्हणून अख्ख्या गावानं उकळत्या पाण्यानं धुतलेल्या कळशांतून रस वाहिला. दिवस मावळायच्या आत टाकी रिकामी झाली.

"शाबास रे!" कारखान्याचे अध्यक्ष उत्तमराव म्हणाले. "एक माणूस वाचवला, अन् गावाचा रसही! रंगराव, पेवावर नव्या फळ्या बसल्या. आता देवोबाले त्याच्या जागेवर न्या. स्वतः."

रंगरावांनी लंगडत धोंडा उचलला. जड होता. "कादरभाई... जरा हात लावता का?"

"लावतो. आधी पोरायले रस पाजा."

रंगरावांनी तीन बाटल्या पुढे केल्या. चेहरा अजून आंबटच! "घ्या. अन् धुतलेल्या बाटल्यांले..."

"हात लावत नाही!" तिघं ओरडली.

कडूबा मात्र आपली बाटली न उघडताच देवोबामागून चालू लागला. पहिली बाटली पेवावरच्या पहारेकऱ्याची!